ट्रायलोबाइटचं डोकं आणि थराचं वय

गोव्यात ट्रायलोबाइट, म्हणजे कवच असलेल्या एका नामशेष सागरी प्राण्याचा जीवाश्म, सापडत नाही आणि सापडणारही नाही. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातला पट्टेदार लोहखडक, त्याच्यासोबतचे फिलाइट, अनमोड घाटातला नाइस, हे सगळं सुमारे 250 कोटी वर्षांपलीकडचं. सत्तरीच्या माथ्यावरचा बेसाल्ट 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा. आणि सड्यावरचा चिरा म्हणजे याच खडकांचं खूप नंतर कुजून उरलेलं कवच. ट्रायलोबाइट जगले ते सुमारे 52 कोटी ते 25 कोटी वर्षांपूर्वी. त्या काळाचं पानच आपल्या वहीत नाही.

तरीही चिरेखाणीतून किंवा मँगनीजच्या जुन्या खाणीजवळून उचललेल्या दगडांचे फोटो फिरत असतात, 'हा जीवाश्म आहे का?' म्हणून. बहुतेक वेळा ती मँगनीज ऑक्साइडची नक्षी असते, नेच्याच्या पानासारखी काळी. तिच्यावरून नख फिरवा, उंचसखलपणा लागत नाही. फांद्या फटीच्या कडेपासून आत पसरत गेलेल्या असतात, कारण खनिजाचं पाणी तिथूनच झिरपलेलं असतं. दुसरा फसवा गडी म्हणजे वागातोर-हणजुणच्या खडकांना चिकटलेला कायटन, शिंपल्यांच्या नात्यातला एक जिवंत प्राणी. पाठीवर आठ आडव्या पट्ट्या असल्यामुळे लांबून ट्रायलोबाइटसारखा वाटतो, पण त्याला डोळे असलेलं वेगळं डोकं नसतं आणि पाठीवर लांबीच्या दिशेने दोन चरही नसतात. घरातल्या कडप्प्याच्या ओट्यात किंवा कोट्याच्या लादीत तर शोधूच नये. ते दगड ट्रायलोबाइटच्या आधीचे.

म्हणजे गोव्यातल्या माणसाची ट्रायलोबाइटशी गाठ पडते ती तीन ठिकाणी: प्रात्यक्षिकाच्या पेटीतल्या प्लास्टरच्या प्रतिकृती, इंटरनेटवरून मागवलेले नमुने, आणि नशीब असेल तर हिमालयातल्या स्पितीची अभ्याससहल. पुढचं सगळं या तिन्हींना उपयोगी पडेल असं लिहिलं आहे. भर मात्र कँब्रियनच्या, म्हणजे ट्रायलोबाइट पहिल्यांदा दिसतात त्या काळाच्या, सुरुवातीच्या ट्रायलोबाइटवर आहे. तिथे थराचं वय नावावर ठरतं आणि नाव डोक्यावरच्या चार-पाच रेषांवर ठरतं. रेषा चुकली की नाव चुकतं, आणि नाव चुकलं की वयाचा हिशेब कसा बिघडतो ते खाली आकड्यांत दाखवलं आहे.

आधी शब्दाचा एक गैरसमज. 'ट्रायलोबाइट', म्हणजे 'त्रिखंडी', हे नाव डोकं, धड, शेपूट या तीन भागांवरून आलेलं नाही. ते लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तीन पट्ट्यांवरून आलं आहे: मधला अक्ष आणि त्याच्या दोन बाजू. डोक्यावर अक्षाचा जो फुगीर भाग येतो तो ग्लॅबेला. त्याच्यावर आडव्या खाचांच्या जोड्या असतात. त्या मागून पुढे मोजायच्या. सगळ्यांत मागची, दोन्ही बाजूंना जोडणारी पूर्ण आडवी खाच म्हणजे पश्चखाच, तिच्यापुढची पहिली जोडी, मग दुसरी, असं. पुढून मोजणारे हमखास चुकतात, कारण पुढच्या जोड्या पुसट असतात आणि काही वंशांत दिसतच नाहीत.

खडकात पूर्ण प्राणी क्वचितच मिळतो. मिळते ती कात. मिरामारला भरतीच्या रेषेवर पडलेलं कुर्लीचं रिकामं कवच उचलून बघा: पाठीचं ताट वेगळं, पाय वेगळे. एक कुर्ली आयुष्यात अनेकदा कात टाकते आणि प्रत्येक कातेचे तुकडे लाटेबरोबर निवडले जाऊन वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. ट्रायलोबाइटचं तेच. म्हणून 'या थरात 40 ट्रायलोबाइट मिळाले' हे वाक्य निरर्थक आहे. मोजायचं ते क्रॅनिडियम, म्हणजे ग्लॅबेला आणि तिला चिकटून राहणारे गालाचे आतले भाग. एका कातेत ते एकच असतं. सुटे गाल मोजायचेच तर डावे आणि उजवे वेगळे मोजा आणि त्यातला मोठा आकडा धरा.

नमुना हातात आला की पहिला प्रश्न ओळखीचा नाही. पहिला प्रश्न हा की आपण कवचाची कुठली बाजू बघतोय. नेवऱ्यांचा साचा आठवा: साच्यातली खळगी आणि नेवरीवरचा उंचवटा एकाच नक्षीच्या दोन बाजू. खडकात मात्र तीन गोष्टी असू शकतात: खुद्द कवच, कवचाच्या बाहेरच्या बाजूचा ठसा, आणि कवच विरघळून गेल्यावर आत भरलेल्या गाळाचा भरीव साचा. भरीव साच्यावर बारीक दाणे आणि जाळीदार नक्षी नसते, पण खाचा जास्त खोल दिसतात. अर्ध्या डोक्यावर कवच शिल्लक आणि अर्ध्यावरून निघालेलं, असा नमुना मिळाला तर तो जपून ठेवा. एकच जीव दोन रूपांत कसा दिसतो ते त्यातच समजतं. कवचासहित नमुन्याला एक नाव आणि कवच गेलेल्याला दुसरं नाव, ही चूक जुन्या वर्णनांत पुष्कळ वेळा झालेली आहे.

मग दहापटीचं भिंग घ्या आणि शिवण शोधा, म्हणजे कात टाकताना डोकं जिथून उकलतं ती रेषा. सुरुवातीच्या ट्रायलोबाइटमध्ये पहिली मोठी फूट इथेच पडते. ओलेनेलस, फॅलोटॅस्पिस, होल्मिया, नेवाडेला या गटात डोक्याच्या वरच्या बाजूला शिवण नसतेच. कात टाकताना डोकं कडेने, खालच्या बाजूला उकलायचं, त्यामुळे डोळ्यांसकट अख्खं डोकं एकसंध राहतं. रेडलिकिया आणि तिच्या नातेवाइकांत शिवण डोळ्याच्या कडेने जाते आणि मागे गालाच्या काट्याच्या आतल्या अंगाला, डोक्याच्या मागच्या कडेवर बाहेर पडते. त्यामुळे क्रॅनिडियम एकीकडे आणि काटा घेतलेला गाल दुसरीकडे. एका थरातून वीस-पंचवीस डोकी निघाली, सगळी अखंड, आणि सुटा गाल एकही नाही, तर ओलेनेलसच्या बाजूने संशय घ्या. सुटे गाल भरपूर मिळाले तर ओलेनेलसचा विचार बाजूला ठेवा. इथे एक गफलत होते: शेल (पातळ थरांचा चिखलखडक) दबताना डोळ्यापासून कडेपर्यंत तडा जातो आणि तो शिवणीसारखा दिसतो. तडा दोन्ही बाजूंना सारखा नसतो आणि शेजारच्या खडकात पुढे जातो. शिवण कवचाच्या कडेला थांबते.

शिवणीनंतर ग्लॅबेला. ओलेनेलसमध्ये तिचं पुढचं टोक गोल फुगलेलं असतं आणि मध्ये कंबर असते, डमरूसारखी. फॅलोटॅस्पिसमध्ये ती पुढे निमुळती होत जाते. रेडलिकियात निमुळती शंकूसारखी ग्लॅबेला, कोयत्यासारखे लांब वळलेले डोळ्यांचे उंचवटे जवळजवळ पश्चखाचेपर्यंत आलेले, आणि शिवणीचा पुढचा भाग डोळ्यापासून थेट बाहेरच्या दिशेला, कित्येकदा अक्षाशी जवळजवळ काटकोनात गेलेला. शेपूट इवलंसं. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की वंशाबद्दल फारशी शंका उरत नाही. प्रजाती ठरवणं वेगळी गोष्ट. तिथे हा कोन, डोळ्याच्या उंचवट्याची लांबी, ग्लॅबेलाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण असे आकडे लागतात.

रेडलिकियाचं नावही थोडं नाट्यमय आहे. मिठाच्या डोंगररांगेतल्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या, नमुन्यांचं 1899 मध्ये कार्ल रेडलिक यांनी वर्णन केलं आणि वंशाला होफेरिया म्हटलं. ते नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेलं निघालं, म्हणून 1902 मध्ये कॉसमान यांनी रेडलिकिया हे नाव दिलं. प्रजातीचं नाव नोएटलिंगी मात्र तेच राहिलं. जुन्या अहवालात होफेरिया वाचलं तर वेगळा प्राणी समजू नका.

आता सगळ्यांत त्रासदायक मुद्दा. हिमालयातले कँब्रियन खडक चेपले गेले आहेत, ताणले गेले आहेत, आणि त्यांच्याबरोबर आतले ट्रायलोबाइटही. चपातीच्या कणकेवर एकसारखे गोल ठसे उमटवा आणि कणीक एका बाजूने ओढा. सगळे ठसे लंबगोल होतात. ट्रायलोबाइटच्या बाबतीत गंमत अशी की दगडाच्या एकाच फळीवर ते वेगवेगळ्या दिशांना तोंड करून पडलेले असतात. जो ताणाच्या दिशेत पडला तो लांब आणि अरुंद दिसतो, जो आडवा पडला तो आखूड आणि रुंद, आणि जो तिरका पडला त्याचा अक्ष आणि पश्चखाच यांच्यातला काटकोनच मोडतो. तीन दिशा, तीन 'प्रजाती'. काश्मीरच्या कँब्रियन ट्रायलोबाइटवर 1992 मध्ये ह्यूज आणि जेल यांनी याच प्रश्नासाठी संगणकाच्या मदतीने विरूपण तपासण्याची पद्धत वापरली, कारण त्याशिवाय जुनी नावं टिकतात की नाही हे सांगताच येत नव्हतं.

संगणक नसला तरी प्राथमिक चाचणी करता येते. फळी खडकातून काढण्याआधी तिच्यावर उत्तर दिशा आणि ताणाच्या रेषा किंवा पाटनाची (दाबामुळे खडक ज्या पापुद्र्यांत फुटतो त्यांची) दिशा खुणेने लिहा. काढल्यावर प्रत्येक नमुन्याच्या अक्षाचा त्या रेषेशी कोन मोजा, ग्लॅबेलाची लांबी आणि रुंदी व्हर्नियर कॅलिपरने 0.1 मिलिमीटरपर्यंत मोजा, आणि आलेखावर कोन विरुद्ध प्रमाण असे ठिपके मांडा. ठिपके कोनाबरोबर पद्धतशीर वरखाली होत असतील तर तो ताण आहे. प्रजाती वेगळ्या असत्या तर एकाच कोनातही दोन वेगळे पुंजके दिसले असते. एका फळीवर सात-आठ तरी मोजण्याजोगी डोकी लागतात. दोन नमुन्यांवर हा उद्योग करू नये.

ताणलेल्या नमुन्यात कशावर भरवसा ठेवायचा? मोजणीवर आणि जोडणीवर. धडाचे खंड किती, शेपटीला काट्यांच्या जोड्या किती, खाच अक्षाच्या चरापर्यंत पोचते की मध्येच खळगीसारखी संपते, ग्लॅबेला पुढच्या कडेला टेकते की मध्ये सपाट जागा आहे. ओढाताणीने हे बदलत नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण आणि कोन मात्र जातात. आणि दुर्दैव असं की रेडलिकियाच्या प्रजाती नेमक्या कोनावर ओळखतात. त्यामुळे स्पितीत किंवा मसुरीच्या टाल गटाच्या खडकांत मिळालेल्या वाकड्या रेडलिकियाला प्रजातीचं नाव देताना हात आखडता घ्यावा. वंशाचं नाव लिहून पुढे 'प्रजाती अनिश्चित' लिहिणं यात कमीपणा नाही. अर्धवट खात्रीने दिलेलं पूर्ण नाव पुढे दहा तक्त्यांत उतरतं आणि मग ते काढायला कोणी येत नाही.

शिवाय वाढीचा प्रश्न आहे. पिल्लाचं डोकं मोठ्यासारखं नसतं. डोळ्यांचे उंचवटे तुलनेने मोठे, ग्लॅबेला अरुंद, गालावर जास्तीचे काटे. धडाचे खंडही एकेक करून वाढतात. म्हणून 2 मिलिमीटरच्या क्रॅनिडियमची तुलना 12 मिलिमीटरच्या क्रॅनिडियमशी करून 'फरक आहे' म्हणण्यात अर्थ नाही. आकाराप्रमाणे रांग लावा आणि मधले टप्पे मिळतात का ते बघा.

फोटोबद्दल थोडं, कारण गोव्यात इथेच घोळ होतो. नमुन्यावर आधी पातळ काळा थर देतात, वरून अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर सोडतात, म्हणजे रंगांचे डाग लपतात आणि उंचसखलपणा उठून दिसतो. काचेच्या नळीत भुकटी घालायची, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, धूर यायला लागला की रबरी फुग्याने हलकेच फुंकायची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या हवेत हा थर मिनिटा-दोन मिनिटांत ओला होऊन गुठळ्या धरतो. वातानुकूलित खोली कोरडी करून घ्या, नमुना दिव्याखाली कोमट करा आणि कॅमेरा आधीच रोखून ठेवा. काम झालं की थर लगेच धुऊन टाका. ओल धरलेलं अमोनियम क्लोराइड आम्लधर्मी असतं आणि चुनखडीचं कवच खातं. उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून, तिरका. खालून उजेड दिला तर खळगी उंचवट्यासारखी दिसते आणि बघणारा खाचा उलट्या वाचतो. ठशावरून प्रत काढायची तर रबराचा चीक आधी ब्रशने अगदी पातळ लावा, बुडबुडे फोडा, वाळू द्या, मग वर तीन-चार थर. पावसात प्रत्येक थराला दुप्पट वेळ धरा. घाईने सोलला तर चीक आत ओला राहतो आणि ग्लॅबेलाचं टोकच तुटून जातं.

आता वयाकडे.

थर मोजायला दीड मीटरची काठी, उतारमापक आणि धीर लागतो. थर 30 अंशांनी कललेले असतील आणि सपाट जमिनीवर, कलाच्या दिशेत, तुम्ही 10 मीटर चाललात तर जाडी 10 नाही, 5 मीटर आहे, कारण 30 अंशांची ज्या (साइन) 0.5 असते. हे विसरून काढलेले छेद, म्हणजे थरांच्या तळापासून वरपर्यंतच्या मोजलेल्या नोंदी, दुप्पट जाड निघतात आणि मग शेजारच्या दरीशी जुळत नाहीत. हिमालयात थर उलटेही झालेले असतात. वाळूखडकातला तिरपा थर, लाटांच्या खुणांची टोकं यांवरून वर कुठे ते आधी ठरवा. प्रवाहात वाहिलेली डोकी बहुधा फुगीर बाजू वर करून स्थिरावतात, तोही एक दुय्यम पुरावा. प्रत्येक नमुन्याला तळापासूनची उंची मीटरमध्ये. फळीचे दोन्ही अर्धे ठेवायचे, एकच क्रमांक, 'क' आणि 'ख'. घसरून पडलेल्या दगडातला नमुना कितीही देखणा असला तरी पल्ल्याच्या तक्त्यात घ्यायचा नाही. वेगळ्या पिशवीत, 'सुटा' असं लिहून.

तक्त्यात प्रत्येक प्रजातीची सगळ्यांत खालची आणि सगळ्यांत वरची नोंद येते. ती खालची नोंद म्हणजे तो जीव तिथे पहिल्यांदा आला ती वेळ नव्हे. ती आपल्याला पहिल्यांदा सापडला ती जागा आहे. दोन्हींत किती अंतर असू शकतं याचा अंदाज काढायला स्ट्रॉस आणि सॅडलर यांचं 1989 चं साधं सूत्र आहे. समजा एक प्रजाती 12 मीटरच्या पल्ल्यात 7 थरांत मिळाली. थरांच्या संख्येतून 1 वजा करा: 6. मग 0.05 चा उणे एक-सहांश घात काढा: सुमारे 1.65. त्यातून 1 वजा: 0.65. गुणिले 12: सुमारे 7.8 मीटर. म्हणजे 95 टक्के खात्रीने बोलायचं तर तिची खरी सुरुवात सापडलेल्या पहिल्या नोंदीच्या 7.8 मीटर खालीपर्यंत कुठेही असू शकते. तीच प्रजाती त्याच 12 मीटरमध्ये फक्त 3 थरांत मिळाली असती तर हा आकडा सुमारे 42 मीटर येतो. पल्ला तोच, पण थर चार कमी झाले आणि खात्री पार वाहून गेली.

आता वरचा ताणाचा मुद्दा इथे आणून बसवा. खालच्या 4 थरांत आडवे पडलेले रुंद नमुने, वरच्या 3 थरांत लांबट. कोणी त्यांची दोन नावं केली. आता एका प्रजातीऐवजी तक्त्यात दोन आल्या, एक खाली 'नाहीशी' होते आणि दुसरी वर 'अवतरते'. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नाही. पण छेदात एक सीमा उभी राहिली, ती सीमा दुसऱ्या खोऱ्यातल्या सीमेशी जुळवली गेली, आणि प्रत्येक प्रजातीचे थर कमी झाल्यामुळे खरी खात्रीही घटली. सूत्र अशी चूक पकडत नाही. ते दिलेलं नाव खरं धरून चालतं, आणि जीवाश्म थरांत सर्वत्र सारख्या शक्यतेने सापडतात असंही धरून चालतं. दुसरी अटही नेहमी पाळली जात नाही. स्पितीतल्या पारहिओ खोऱ्यात त्रिभुज प्रदेशाच्या गाळाचे थरांमागून थर आहेत आणि ट्रायलोबाइट मुख्यतः पातळ चुनखडीच्या पट्ट्यांत आणि शेलमध्ये मिळतात. मधल्या जाड वाळूखडकात ते नाहीत, याचा अर्थ तेव्हा जगात नव्हते असा होत नाही. म्हणून एखादा समूह एकाच पट्ट्यात माहीत असेल तर त्याला 'क्षेत्र' म्हणू नये, 'पातळी' म्हणावं. शब्दाचा कीस वाटेल, पण 'क्षेत्र' म्हटलं की वाचणारा वरखाली पल्ला गृहीत धरतो.

याच खोऱ्यातल्या एका लहानशा ट्रायलोबाइटची गोष्ट बघण्यासारखी आहे. हेडन यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी स्पिती पिंजून काढली, तिथल्या जीवाश्मांचं वर्णन 1910 मध्ये काउपर रीड यांनी केलं. त्यातल्या एका प्रजातीला त्यांनी झॅकँथॉइडीस इंडिकस म्हटलं. पुढे ती ओरिक्टोसेफॅलस वंशात गेली. म्हणूनच आज तिचं नाव लिहिताना रीड आणि 1910 कंसात येतात. कंसाचा अर्थच 'मूळ वंश वेगळा होता' असा. हा वंश ओळखायला सोपा आहे: ग्लॅबेलावरच्या खाचा बाजूच्या चरापर्यंत न पोचता खळग्यांसारख्या सुट्या राहतात, आणि शेपटीला काटे असतात. दोन्ही लक्षणं मोजणी-जोडणीतली, म्हणजे ताणाने न जाणारी. स्पितीत ती हेडनॅस्पिस पार्वत्या या दुसऱ्या ट्रायलोबाइटच्या पातळीच्या वर मिळते.

2018 मध्ये कँब्रियनच्या मियाओलिंगियन श्रेणीचा आणि तिच्यातल्या सर्वांत खालच्या वुलियुअन टप्प्याचा पाया, म्हणजे जगभर मानायची सुरुवातीची सीमा, याच ओरिक्टोसेफॅलस इंडिकसच्या पहिल्या नोंदीवर ठरला. जागा चीनच्या ग्वीझो प्रांतातली, कायली शैलसमूहाच्या तळापासून 52.8 मीटरवर. ही प्रजाती अमेरिकेतल्या नेवाडातही सापडते, म्हणूनच ती निवडली गेली. निवड मात्र सरळ झाली नाही. ओव्हॅटोरिक्टोकारा ग्रॅन्युलाटा हा दुसरा दावेदार होता आणि नेवाडातल्या स्प्लिट माउंटनचा छेदही चर्चेत होता.

यावरून स्पितीच्या थराबद्दल काय म्हणता येतं? इंडिकस मिळाला तर तो थर वुलियुअनच्या पायावर किंवा त्याच्या वर आहे, एवढंच. स्पितीतली सर्वांत खालची नोंद आणि जागतिक सीमा एकच, असं म्हणता येत नाही. सीमा ग्वीझोच्या त्या बिंदूवर आहे, बाकी सगळीकडे तिचा अदमास.

आणि वर्षं? ट्रायलोबाइट वर्षं सांगत नाही, क्रम सांगतो. वर्षं येतात ती ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांमधल्या युरेनियम-शिशाच्या मोजणीतून. याच पायाला बरीच वर्षं 50.9 कोटी लिहीत. ग्रँड कॅन्यनमधल्या टाँटो गटाच्या झिरकॉनवरची 2020 ची मोजणी आली, आणि आता नव्या तक्त्यांत 50.65 कोटी लिहितात. इंडिकस हलला नाही, आकडा हलला. म्हणून अहवालात टप्प्याचं नाव आधी लिहा आणि वर्षं कुठल्या सालच्या तक्त्यातून घेतली ते शेजारी लिहा.

वुलियुअनच्या खाली गेलं की वाट बिकट होते. कँब्रियनचा पाया 53.88 कोटी वर्षांचा, आणि तो ट्रायलोबाइटवर नाही, ट्रेप्टिक्नस पेडम या बिळाच्या खुणेवर, न्यूफाउंडलंडमध्ये ठरलेला आहे. ट्रायलोबाइटची कवचं दिसतात सुमारे 52.1 कोटीपासून. त्याच्याही आधीच्या थरांत रुसोफायकससारख्या बसल्या जागी उकरलेल्या खुणा मिळतात, म्हणजे तशा पायांचे जीव आधीपासून होते, कवच उरण्याजोगं नव्हतं. पण 52.1 कोटीचा टप्पा अजून फक्त 'टप्पा 3' म्हणून ओळखला जातो, त्याच्यावरचा 'टप्पा 4'. नावं नाहीत, कारण सर्वत्र चालेल असा पहिला ट्रायलोबाइटच सापडत नाही. सायबेरियात प्रोफॅलोटॅस्पिस, उत्तर अमेरिकेत फ्रित्झॅस्पिस, चीनमध्ये पॅराबॅडिएला. ओलेनेलसची मंडळी एकीकडे, रेडलिकियाची दुसरीकडे; भारत, चीन, ऑस्ट्रेलिया रेडलिकियाच्या बाजूला. दोन्हींचा एकाच थरात मेळ क्वचित. मग लहानखुरे इओडिस्कस गटातले ट्रायलोबाइट, छोटी कवचं आणि चुनखडीतल्या कार्बन समस्थानिकांचे चढउतार यांच्यावर काम भागवावं लागतं. उलट वर, वुलियुअननंतरच्या ड्रमियन टप्प्यापासून पुढे, अग्नोस्टिड मिळतात. धडाला दोनच खंड, बहुतेकांना डोळे नाहीत, आणि समुद्रभर पसरलेले. टायकाग्नोस्टस अटॅव्हस, लेजोपायगी लेव्हिगाटा, ग्लिप्टाग्नोस्टस रेटिक्युलाटस, एकामागून एक टप्प्यांचे पाये त्यांच्यावरच बसले आहेत. शिकायला सुरुवात तिथूनच करावी. प्रात्यक्षिकाच्या पेटीत मात्र बहुधा अमेरिकेतल्या युटाची एल्रेथिया किंगी असते, तीही वाईट नाही: 13 खंड मोजून शिवण कुठून जाते ते काढायला उत्तम.

शेवटची नोंदही अशीच फसवते. प्रजाती विरळ झाली की तिचे शेवटचे जीव सापडतच नाहीत आणि एका झटक्यात झालेला नाश थराथराने झाल्यासारखा दिसतो. सिग्नर आणि लिप्स यांनी हे 1982 मध्ये मांडलं. ओलेनेलसच्या गटाचा अंत थरात कुठे दाखवायचा हे ठरवताना विरळ वंश आधी बाजूला काढून मुबलक वंशांवरच बोट ठेवावं.

विकत घेतलेल्या नमुन्यांबद्दल एवढंच: मोरोक्कोचे मोठाले, एकसारख्या तपकिरी रंगाचे कँब्रोपॅलास ट्रायलोबाइट पुष्कळदा राळेचे असतात. भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे गोल बुडबुडे दिसतात, आणि तापवलेली सुई खालच्या बाजूला टेकवली तर प्लास्टिकचा वास येतो. खरा असला तरी चिठ्ठीवर नुसतं 'मोरोक्को' लिहिलेलं असेल तर काळ ठरवायला त्याचा उपयोग नाही. शोभेला ठेवा.

आणि साठवण. पायराइट असलेला काळा शेल इथल्या दमट हवेत फुलतो. 60 टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पिवळट पांढरी पूड सुटते, गंधकाचा वास येतो आणि एका पावसाळ्यात फळी भुगा होऊ शकते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की भट्टीत वाळवून परत. चिकटवायला सुताराचा पांढरा गोंद नको, तो ओल शोषून सुटतो. पॅरालॉइड बी-72 ही ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरा, पुढे काढायचं झालं तरी निघतं. कागदी चिठ्ठी कसर खाते, म्हणून क्रमांक दगडावरच घाला: कोपऱ्यात पॅरालॉइडचा लहान ठिपका, वाळला की त्यावर काळ्या शाईने छेदाचं अक्षर आणि तळापासूनचे मीटर, वर पुन्हा एक पातळ हात.